मॉक ड्रिलमधली म्हातारी

इथले अनुभव मी वाचतो, पण खरं सांगतो, विश्वास कधीच बसला नाही... कामच तसं होतं माझं. विमानतळाच्या सेफ्टी विभागात होतो. कुठं काय बिघडू शकतं ते आधी शोधायचं, एवढंच डोक्यात.

आपल्या संभाजीनगरचीच गोष्ट. त्या दिवशी मॉक ड्रिल होतं — विमानाला आग लागली असं समजून माणसं बाहेर काढायची. जखमी म्हणून नर्सिंग कॉलेजच्या पोरी गवतावर झोपवल्या होत्या. सकाळचं लख्ख ऊन. मी अन् आमच्याच विभागातला शिंदे, दोघांनी एकीला स्ट्रेचरवर घेतलं अन् ॲम्ब्युलन्सकडं निघालो. मी डोक्याच्या बाजूला. खाली पाहिलं तर स्ट्रेचरवर म्हातारी! हिरवी ओढणी, एक भुवई पांढरीफेक.

"बेटा, रफीक को बोल," ती म्हणाली. "दरवाजा अंदर से बंद है. मेरे से उठा नै जारा."

मला वाटलं, पोरींसोबत एखादी म्हातारीही आणली असेल, भारी ॲक्टिंग करतेय. भीती वगैरे काही नाही. तिला ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं अन् पुढच्या जखमीकडं वळलो.

रफीकभाई आमच्या फायरच्या गाडीवर ड्रायव्हर. ड्रिल संपल्यावर चहा पिताना मी सहज विचारलं, "रफीकभाई, ती पांढऱ्या भुवईची म्हातारी तुमच्या ओळखीची हाय का? तुमचं नाव घेत होती. दार आतून बंद हाय म्हणे."

त्यांनी कप खाली ठेवला. "वो तो मेरी अम्मी है... घरी हाय ती. एकटी."

त्यांनी घरी लावलेला फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. त्यांच्या बाइकवर मागं बसून मीही शहागंजला त्यांच्या घरी गेलो. दाराला आतून कडी. शेजाऱ्यांनी मिळून दार तोडलं. अम्मी मोरीपाशी पडलेल्या — खुब्याचं हाड मोडलेलं, पण जीव होता. अंगावर हिरवी ओढणी.

नंतर शिंदेला विचारलं. "म्हातारी? येडा झाला का? पोरगी होती राव, गपगार पडलेली!"

ती पोरगीही भेटली. "सर, मी डोळे मिटून होते," म्हणाली. "एक शब्द बोलले नाही."

दवाखान्यात रफीकभाई मला धरून लई रडले. मी नुसता उभा राहिलो. आनंद नाही, भीती नाही... आत काही हललंच नाही. अम्मींनी माझ्याकडं पाहिलं. आमची कधी भेट झालेली नव्हती.

"ये कौन है रे?" त्यांनी रफीकभाईंना विचारलं.

आता त्या वॉकर घेऊन चालतात. दिसल्या की मी सलाम करतो, त्या तब्येत विचारतात. मला मात्र त्यांच्याशी काय बोलावं तेच सुचत नाही. स्ट्रेचरवर मला कोण दिसलं, कोण बोललं — कुणाला ठाऊक असेल तर सांगा. मला नाही.