पहार धरणारी

मच्छिंद्र घण मारायचा तेव्हा त्याच्या पायाशी पहार धरून बसायचं काम माझं. विहिरीतल्या खडकात सुरुंगासाठी भोक पाडायचं तर एकानं पहार उभी धरायची, दुसऱ्यानं तिच्या डोक्यावर घण घालायचा, आणि दर घावानंतर धरणाऱ्यानं पहार थोडी फिरवायची. म्हणजे हात काढून घ्यायची सोय नाही. घण चुकला की हात गेला. तरी मच्छिंद्राच्या घणाखाली मला चक्क डुलकी यायची. गडी घण मारता मारता घोडेगावच्या बाजारातल्या बैलांच्या गप्पा हाणत असे. हात सैल सोडलेले, घण आपल्याच वजनानं खाली यायचा आणि बरोबर पहारेच्या डोक्यावर बसायचा. त्याचं नाव मच्छिंद्र, माझं गोरक्षनाथ. गाव आम्हाला गुरू-चेला म्हणून चिडवायचं.

बहात्तरच्या दुष्काळात त्याची विहीर आटली, म्हणून आम्ही ती सावडीनं खोल करायला घेतली. आज आम्ही तुझ्या विहिरीवर, उद्या तू आमच्या. एके दुपारी त्याचा सासरा रंगनाथ शेवगावहून आला आणि काठावर येऊन उभा राहिला. झालं! जावईबापूंना चेव आला. त्यानं तळहातावर थुंकी घेतली, दांडा करकचून आवळला, घण नेहमीपेक्षा हातभर वर नेला. आणि बोलायचा थांबला. त्याच्या त्या गप्प होण्यानंच माझी डुलकी उडाली. "मच्छिंद्रा, दमानं," असं मी म्हणेपर्यंत घण पहारेवरून घसरला आणि माझी करंगळी चेचून गेला. ती आजही वाकडीच आहे, आणि त्या रंगनाथाचं नाव काढलं की माझं डोकं आजही फिरतं.

त्या दिवसापासून मच्छिंद्राचा घण बिघडला. जमिनीत मेख रोवून एकटा मारायचा तेव्हा एक घाव चुकत नसे. पण पहारेला माणसाचा हात दिसला की त्याचे खांदे ताठ व्हायचे, नजर पहारेच्या डोक्यावरून घसरून हातावर जायची, आणि घण नजरेच्या मागोमाग. लागू द्यायचं नाही, लागू द्यायचं नाही, असं तो जितकं मनाशी घोकायचा तितका घण बोटांच्या जवळ पडायचा. सावडीतले गडी एकेक करून गळाले. त्यांना नावं कशी ठेवायची? हात सगळ्यांनाच प्यारा असतो.

"मी धरते," त्याची बायको चांगुणा म्हणाली.

"येड लागलंय का तुला? हात जाईल तुझा!"

"मग दुसरं कोन धरनार हाय?"

खडक फुटल्याशिवाय पाणी नव्हतं आणि पहार धरल्याशिवाय खडक फुटत नव्हता. आमच्याकडं बाईमाणूस खोदकामाच्या विहिरीत उतरत नसे. सासू बनुबाईनं तोंडाला पदर लावला. चांगुणानं विहिरीला हात जोडले आणि दोराला धरून ती खाली गेली. मी बांधलेला हात घेऊन काठावर बसलो होतो. माझी करंगळी ठणकायला लागली.

पहिला घाव पहारेला नुसता चाटून गेला. दुसरा खडकावर आदळला, ठिणगी उडाली. चांगुणाच्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या. मच्छिंद्र घामानं निथळत होता. त्यानं दांडा आणखी आवळला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडलो आणि तेवढ्यात घण चुकला तर? मी ओठ दाबून धरले.

तेवढ्यात खालून चांगुणाचा आवाज आला. "काल आपली कोंबडी कुठं अंडं घालून आली ठावं हाय का? शेजारच्या छबूबाईच्या गंजीत. आन् ती म्हनती अंडं माझंच."

"गप की जरा!"

"का म्हनून गप? तुमच्या आईनं बी तिचीच री वढली. माझ्या भावाच्या लग्नात तुमी फेटा मागून नेला तवा मी बोलले हुते का?"

"फेट्याचं काय काढलंस आता? फेटा माझा उंदरानं खाल्ला हुता!"

"उंदरानं न्हाई, शेळीनं!"

"उंदरानं!" आणि घण पहारेवर खणकन बसला. "तूच बाहीर टाकला हुतास!" पुन्हा खणकन. मच्छिंद्र तिरमिरून भांडत होता आणि त्याचे हात सैल होऊन आपलं काम करत होते. दिवस कलायच्या आत भोक पडलं, सुरुंग उडाला. मी तर बसल्या जागी रडलो.

दुसऱ्या दिवशी चांगुणा काठावर आली तेव्हा मच्छिंद्र आधीच खाली उतरला होता. मी कौतुकानं म्हणालो, "वहिनी, मानलं तुम्हाला! भांडण काढून घण सुधारलात. काय युक्ती!"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मला माझीच लाज वाटली. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळले.

"कसली युक्ती, भावजी? डोळं गच्च मिटून बसले हुते मी. तोंड बंद झालं असतं तर किंकाळी फुटली असती. तोंडाला येईल ते बोलत सुटले." तिचा आवाज एकदम खाली आला. "रातभर डोळा लागला न्हाई. पर त्यांला सांगू नका, तुमच्या पाया पडते. अजून लई खडक हाय."

खालून मच्छिंद्रानं हाक मारली, "अगं, येतीस का? आज कशाचं भांडान काढनार हाईस?" त्याचा आवाज पहिल्यासारखा मोकळा होता.

चांगुणानं दोर धरला. पाय तळाला टेकायच्या आतच ती मोठ्यानं बोलायला लागली.