डस्टर ज्याच्या हातात, तोच बोलणार

खडूची धूळ पदर झटकला की जाते, वर्गातले किस्से काही जात नाहीत. कसब्यातल्या शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवायचे. आता वारज्यात निवांत राहते, पण जुन्या मैत्रिणी चहाला आल्या की कप विसळायच्या आत दोन-तीन किस्से होतातच. हे सगळे एकाच वर्षाचे!

*

त्या वर्षी सुट्टीत आम्हाला ट्रेनिंग दिलं. विज्ञान नुसतं सांगू नका, चर्चा घडवा. प्रश्न विचारा आणि गप्प बसा.

मी हौसेनं वर्गात गेले. "पंख्याखाली गार का वाटतं?" असं विचारलं आणि गप्प बसले. वर्गही गप्प बसला. माझ्यापेक्षा छान गप्प बसला!

शेवटी मलाच राहवेना. "घाम वाळतो म्हणून का?"

"होऽऽ बाई!"

"की पंखा बर्फाचा असतो म्हणून?"

"होऽऽ बाई!"

पहिल्या बाकावरच्या नितीननं दोन्ही वेळा तितक्याच भक्तिभावानं मान डोलावली.

*

मग मी फर्मान काढलं. आजपासून 'हो बाई' बंद! कुणीही काहीही सांगितलं, तरी विचारायचं, "कशावरून?"

आठ दिवसांत ही साथ घरोघरी पसरली. नितीनच्या आईनं मला फाटकातच गाठलं. "अहो बाई, याला म्हटलं, अंघोळ केल्याशिवाय जेवायला मिळणार नाही. तर म्हणतो, कशावरून?"

"मग हो?"

"मग काय! दिलंच नाही. प्रयोगानं सिद्ध केलं!"

*

आता वर्ग बोलायला लागला, पण सगळा एकदम. एकदा जड दगड आधी पडतो की हलका, यावर रण माजलं होतं. दारात मुख्याध्यापिका उभ्या. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो.

"मंडई इथे हलवली का?" त्यांनी शांतपणे विचारलं. मग मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन आहे. साहेबांसमोर असा गोंधळ झाला, तर तुमची चर्चा बंद. मग प्रश्नोत्तरं लिहून द्यायची आणि पाठ करून घ्यायची."

एवढ्या खटपटीनं उघडलेली तोंडं पुन्हा मिटणार, याचंच मला वाईट वाटत होतं.

*

त्यावर तोडगा काढला डस्टरचा. डस्टर ज्याच्या हातात, तोच बोलणार. बाकीच्यांनी ऐकायचं. अगदी बाईंनीसुद्धा!

नियम लागू पडला. इतका, की दुसऱ्याच दिवशी डस्टर गायब. नितीननं ते घरी नेलं होतं. परत मागितलं, तर त्याच्या आईचा निरोप आला, "दोन दिवस राहू द्या ना. सासूबाई आणि मी पहिल्यांदाच एकेक करून बोलतोय."

फक्त शबानानं डस्टर कधी धरलं नाही. तिच्याकडे आलं की ती पुढे सरकवायची. तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. ते म्हणाले, "दुकानात गिऱ्हाइकाला बोलू देत नाही हो ही! शाळेत हिला काय होतं, कळत नाही."

*

इन्स्पेक्शनचा दिवस उजाडला. साहेब आले आणि खुर्चीत बसले. मोठ्या बाई त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. वर्ग इतका शांत, की मला पहिला दिवस आठवला.

साहेब म्हणाले, "स्वेटरमध्ये उष्णता असते, म्हणून तो घातला की ऊब येते. बरोबर ना, मुलांनो?"

चाळीस तोंडं उघडली. आता 'होऽऽ' येणार, म्हणून मी डोळेच मिटून घेतले.

आलं नाही. डोळे उघडले, तर शबाना उठून टेबलाकडे चालली होती. तिनं डस्टर उचललं आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरलं.

"सर, आधी हे घ्या. तुम्ही तसेच बोललात." साहेबांनी मुकाट्यानं घेतलं. तशी ती म्हणाली, "आता सांगा. कशावरून?"

मोठ्या बाई छताकडे बघत होत्या. साहेबांनी डस्टरकडे पाहिलं, कोटावर पडलेली खडूची पूड पाहिली आणि डस्टर शबानाच्या हातात दिलं. "तूच सांग. मी ऐकतो."

आणि ती बोलली! स्वेटर स्वतः गरम नसतोच, तो आपल्याच अंगाची ऊब अडवून धरतो, इथून सुरुवात केली. घंटा झाली तरी साहेब उठले नाहीत. हुश्श! माझ्या जिवात जीव आला.

साहेब गेल्यावर मोठ्या बाई एकट्याच वर्गात परत आल्या. मी उभी राहिले. त्यांनी घसा खाकरला.

"उद्या स्टाफ मीटिंग आहे. ते डस्टर जरा माझ्याकडे पाठवून द्या."