पेरूचा वास हरवला ते दिवस

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी थंडी. शिंपीदादांचं तोंड आलंय. पेरूचा कोवळा पाला मागायला आले होते, उद्या काढा करून देते म्हटलं. वन्संनी न्हाणीघरातला दिवा बदलला. दुपारी जेली केली. बसली नाही.

एवढं लिहून जेलीकाकूंनी वही मिटली. जेली का बसली नाही, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण वहीतसुद्धा लिहायची छाती होईना. महिन्यापूर्वी ताप आला होता. ताप उतरला, खोकला गेला, आणि जाता जाता नाकातला वासही घेऊन गेला. चहा म्हणजे नुसतं गरम गोड पाणी. साबण म्हणजे नुसता फेस. घर होतं तिथेच होतं, पण कुणीतरी ते काचेच्या पेटीत ठेवून बाहेरून त्यांना दाखवत असावं, तसं.

आणि परसात पेरूचं झाड तर लगडलेलं.

गल्लीत त्यांना सगळे जेलीकाकूच म्हणत. खरं नाव टपालवाल्यालाही आठवत नसे. जेली त्या शाळेच्या स्वयंपाकघरात शिकल्या होत्या, एका सिस्टरच्या हाताखाली. सिस्टर पेरूंची टोपली पुढे ठेवायची आणि म्हणायची, "डोळे मीट. रंग फसवतो." मग एकेक पेरू नाकाशी. हिरवा, ओल्या गवतासारखा वास आला तर तो कच्चट. जेलीला धरून ठेवणारं पेक्टिन त्याच्यात. मधासारखा आला तर तो पिकलेला. चव आणि रंग त्याचा. दोन्ही हवेत, पण कच्चट जास्त. तेव्हापासून काकू पेरू निवडायच्या त्या डोळे मिटूनच. यजमान बुकबाइंडर होते, ते हसायचे. म्हणायचे, "बाकीचे लोक देवापुढे डोळे मिटतात, आमची मंडळी फळांपुढे."

काल पहिल्यांदाच त्यांनी डोळे उघडे ठेवून पेरू निवडले होते. पिवळे, मऊ, देखणे. झालं, जेलीचं सरबत झालं.

घरात आता दोघीच. काकू आणि त्यांची नणंद. वन्सं वयाने धाकट्या, पण मान थोरला. उभा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून गेलेला, आवाज अजून वॉर्डातलाच. त्यांना हे कळता कामा नये, एवढी एकच गोष्ट काकूंच्या मनात घोळत होती. कारण कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मास्तरांना वास येईनासा झाला, तेव्हा वन्संनीच त्यांच्या सुनेला बजावलं होतं, "गॅस गळला तर कळायचंसुद्धा नाही त्यांना. शेगडीपाशी फिरकू देऊ नकोस." त्या दिवसापासून मास्तर व्हरांड्यात बसून सुनेच्या चहाची वाट बघतात. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसतात, पण ते हसू काही खरं नव्हे.

काकूंना ती व्हरांड्यातली खुर्ची दिसत राहायची. शेगडी गेली तर आपलं काय उरलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शिंपीदादांसाठी पाला धुऊन पातेल्यात उकळायला ठेवला. त्या काढ्याच्या गुळण्या केल्या की तोंडाला, हिरड्यांना आराम पडतो म्हणून अर्धी गल्ली त्यांच्याकडे येई. खिडकीतून पिवळं ऊन आत आलं होतं. वाफ त्या उन्हात चढत होती, वळत होती, विरत होती. काकू स्टुलावर बसून वाफेकडे बघत राहिल्या. वाफेत त्यांना शाळेचं स्वयंपाकघर दिसलं, सिस्टरचा भाजलेला अंगठा दिसला, मग यजमान परसातून आले, खिशात पेरू, आणि म्हणाले, घे, वास घे. त्यांनी नाक पुढे केलं. काहीच नाही. यजमान हसत तसेच भिंतीतून पलीकडे गेले...

"वहिनी! अगं, करपलं!"

पातेलं कोरडं पडून काळं झालं होतं. धूर छतापर्यंत. वन्संनी धावत येऊन शेगडी बंद केली. काकू पातेल्यापासून हातभर अंतरावर, जाग्याच होत्या.

वन्सं तडक खोलीत गेल्या. आपल्या कपाटातून एक बाटली घेऊन आल्या. "डोळे मीट."

काकूंनी मिटले.

"काय आहे हे?"

"...कॉफी?"

"स्पिरिट आहे, वहिनी. निव्वळ स्पिरिट. मेलेला माणूस उठून बसेल असं." वन्संनी बूच लावलं. "कधीपासून?"

"तापापासून."

"आणि मला आता कळतंय. नाकाखाली राहून मला पत्ता नाही!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला मास्तरांच्या शेजारी नेऊन बसवलं असतं."

"बसवलंच असतं. अजूनही बसवते."

आणि बसवलं. त्या संध्याकाळपासून स्वयंपाक वन्संकडे गेला. भात वॉर्डातल्यासारखा, भाजी वॉर्डातल्यासारखी. काकू ताटापुढे बसून म्हणाल्या, "वास येत नाही तेच बरं म्हणायचं."

"टोमणे मार. शेगडी मिळायची नाही."

परसात पेरू गळत होते. पडल्याचा आवाज काकूंना रात्रभर ऐकू येई. आधी देठ तुटल्याचा एक हलकासा, मग पानांतून सळसळ, मग टप्. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना वाटे, हे सगळं कुणा दुसऱ्याच्याच घरात घडतंय. ह्या घरची बाई कधीच निघून गेली आणि आपण नुसत्या पाहुण्या म्हणून उरलोय. सकाळी त्यांनी खाली पडलेले आणि हाताला येतील ते पेरू वेचून टोपली भरली आणि बाहेरच्या खोलीत आणून ठेवली. गल्लीतल्या मुलांना वाटावेत, दुसरं काय.

वन्सं पेपर वाचत होत्या. त्यांना पेरूचा वास मुळीच खपत नसे. वॉर्डात रोग्यांचे नातेवाईक उशीखाली पेरू लपवून जायचे. फिनाइल आणि पेरू हा वास त्यांच्या डोक्यात कायमचा बसला होता. पेपरातून डोकं वर न काढता त्या म्हणाल्या, "ती टोपली हलव बाई. आणि तळाशी डावीकडे एक सडायला लागलाय, तो आधी फेक."

काकूंनी टोपली उपसली. तळाशी, डावीकडे. वरून छान पिवळा, खालून बोटभर काळा.

त्या टोपलीकडे बघत राहिल्या, मग वन्संकडे.

"वन्सं, बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांचं काय म्हणजे?"

"कच्चट कुठला, पिकलेला कुठला?"

"मी काय पेरूंची डॉक्टर आहे?" पण पेपर खाली आला. जखम चिघळायच्या आधी ज्या बाईला वासावरून कळायचं, तिला न राहवून एक पेरू उचलावाच लागला. त्यांनी नाक मुरडलं. "हा हिरवा. नाकात झोंबतोय. हा... ई! हा गोड. लांब धर."

"तुमचं नाक मला द्या," काकू म्हणाल्या. "हात माझे. चव माझी, जी काय थोडी जिभेवर उरलीय ती. ढवळणं माझं. नाक तेवढं तुमचं."

"आणि गॅस?"

"तुम्ही पेटवा, तुम्ही बंद करा. मी बटणाला हात लावला तर खुशाल मला व्हरांड्यात बसवा."

वन्संनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. विचार करायला वेळ हवा असला की त्या असंच करत.

"मी तिथून हलले की तूही हलायचं. मी न्हाणीघरात गेले तरी."

"तरी."

"आणि ही जेली औषधी म्हणून कुणाच्या गळ्यात मारायची नाही. उकळून उकळून सी जीवनसत्त्वाचा पार निकाल लावतेस, वर साखर ओततेस."

"मग ताजाच देईन की. मुलांना टोपलीतले देते."

"हं. ताजा पेरू म्हणजे संत्र्याला मागे टाकणारा. सालीसकट खायचा, चावून. चोथा पोटाला बरा. रस काढलास की चोथा गेला. आणि शिंपीदादांना सांग, साखरेचा त्रास आहे तर पिकलेला बेतानं, आणि गुळण्यांचा काढा साखरेवर पितो म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत."

"सांगते, सिस्टर."

वन्सं हसल्या नाहीत, पण उठल्या.

स्वयंपाकघरात वन्सं स्टुलावर बसल्या, नाकाला पदर लावायचा मोह आवरत. काकू एकेक पेरू पुढे करत होत्या. "हिरवा. हिरवा. मध्यम. गोड, मेला. हिरवा." वन्संचे डोळे आपोआप मिटले होते; त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. काकू बघत राहिल्या. ऊन त्या मिटलेल्या पापण्यांवर आलं होतं. आणि काकूंना अचानक वाटलं, वास आपल्याला येत नसला तरी तो खोलीत आहे. आहे एवढं कळलं तरी पुष्कळ.

फोडी शिजल्या. पाणी फडक्यातून रात्रभर न पिळता ठिबकू दिलं. पिळलं की जेली गढूळ होते. सकाळी वन्संनी गॅस पेटवला. रस, साखर, लिंबू. काकू ढवळत होत्या, वन्सं वाफेत नाक घालून कुरकुरत होत्या.

"अजून हिरवट येतोय... अजून... थांब. आता गवत गेलं. आता काहीतरी दुसरंच."

"मधासारखं?"

"मला काय माहीत मधासारखं का कशासारखं! बरं आहे." हे शब्द पेरूबद्दल त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले. त्यांनी खट्‌कन गॅस बंद केला.

काकूंनी गार बशीवर थेंब टाकला, बोटाने ढकलला. थेंब वाहिला नाही, त्याला सुरकुती पडली. त्यांनी बशी वन्संपुढे धरली.

वन्संनी सुरकुतीकडे पाहिलं, मग काकूंकडे. "उद्यापासून भातही तूच कर," त्या म्हणाल्या. "मी इथेच बसते. तोंडानं मात्र सारखं बोलू नकोस, माझं नाक विचलित होतं."

संध्याकाळी काकूंनी वहीत लिहिलं: जेली बसली. वन्संना वास असह्य झाल्याने खिडकी उघडी ठेवली होती, लावताना वरची कडी निखळली, सुताराला सांगणे.