लीकप्रूफ गिलकं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या घरात एकही बाटली धड उरली नव्हती. फ्रिजमधल्या गेल्या, रॉकेलची गेली, माझी कॉलेजात न्यायची पाण्याची बाटलीसुद्धा एका सकाळी अर्धी सापडली. वडिलांनी अंबडच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. पहिले काही महिने ते नुसते भिंतीकडे बघत बसत. मग बाटलीत बी रुजवायची युक्ती त्यांनी कुठंतरी वाचली आणि आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटला शांतता म्हणून राहिली नाही.

युक्ती सोपी होती. प्लास्टिकची बाटली मधोमध कापायची, खालच्या अर्ध्यात माती आणि बी घालायचं, वरचा अर्धा झाकणासारखा बसवायचा. आत ऊब राहते, बी लवकर उगवतं. कुणीही चहा उकळेपर्यंत उरकावं असं काम, पण आमच्याकडे एकेक बाटली चार-चार दिवस चाले. लग्नाला गेलं की जेवणानंतर वडील मंगल कार्यालयाच्या मागं गायब होत आणि कोल्ड्रिंकच्या मोठ्या रिकाम्या बाटल्या गोळा करून आणत. अंगात सफारी, हातात नायलॉनची पिशवी. माझ्या मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नात तिनं मला विचारलंच, ‘तुझे पप्पा काय शोधतायत गं?’ धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

कारखान्यात त्यांनी जन्मभर एकच काम केलं होतं. तयार टाकी गळते का ते तपासायचं, आणि गळकी निघाली तर रिजेक्ट करायची. तोच नियम त्यांनी बाटल्यांना लावला. दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवत, मग बाथरूममध्ये बादली भरून रिकामी बाटली बुडवत आणि बुडबुडे येतात का ते टक लावून बघत. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी.

‘पप्पा, माझं लेक्चर आहे!’

‘टेस्टिंग चालू आहे.’

अशात आई देवळ्याहून माहेरपण करून आली. तिथं विहिरीच्या कडेला तिच्या आईनं लावलेल्या गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल दरवर्षी त्याच बियांतून वाढायचा. मामानं तो मांडव मोडून तिथंही कांदा लावला होता. आई भांडली नाही. पडवीत टांगलेलं एक वाळकं गिलकं तेवढं मिळालं, त्यातलं बी रुमालात बांधून ती घेऊन आली.

‘एवढंच राहिलं आता,’ ती म्हणाली.

‘दे इकडं. एक बी वाया जाणार नाही,’ वडील म्हणाले.

आणि तिनं सगळंच्या सगळं देऊन टाकलं! मी स्वयंपाकघरात तिच्यावर चिडले, चार बिया तरी राखून ठेवायच्या होत्यास.

‘असू दे गं. हात चालतेत त्यांचे, लय झालं.’

बी उगवलं, ते मात्र झटक्यात. पण दिवस मे महिन्याचे, गॅलरी पश्चिमेची. बाटल्या आतून घामानं भरल्या, आणि एक थेंब बाहेर येत नाही म्हणून वडील खूश.

‘अहो, बूच तरी काढा. वारा लागू द्या त्याला,’ आई म्हणाली.

‘मग लीक होणार.’

‘रोप हाय ते, टाकी नाय!’

दुपारी ते झोपले की आई बुचं सैल करी. चहाच्या वेळी ते पुन्हा घट्ट आवळत. दोघंही एकमेकांची तक्रार माझ्याकडे करत, आणि मी परीक्षेचा अभ्यास करावा अशी दोघांचीही इच्छा होती. आठवडाभरात पांढरी बुरशी आली. एकेक रोप बुडापाशी मऊ पडून आडवं झालं. ‘बी जुनं असेल,’ वडील म्हणाले. आई आत गेली. माझं मात्र डोकं फिरलं.

‘पप्पा, आईचं माहेर कोंडून मारलंत तुम्ही!’

एकच रोप उभं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बाटलीला बूच नव्हतं. मला वाटलं आईनं काढलं, आईला वाटलं मी. कपडे भिजवताना ते वडिलांच्या शर्टाच्या खिशात सापडलं. आईनं मला गप्प राहायची खूण केली.

तो वेल पावसाळ्यात गॅलरीच्या ग्रिलवर चढला. पहिलं गिलकं धरलं तेव्हा मी भज्यांची आशा लावून बसले, पण आईनं ते बियाला ठेवलं. दिवाळीपर्यंत ते आमच्या डोळ्यांसमोर वाळत लोंबत राहिलं. शेवटी आईनं त्यातलं बी काढून परातीत पसरलं आणि ते ठेवायला वडिलांनी प्लास्टिकची बरणी आणली. झाकणाला व्यवस्थित भोकं पाडलेली होती.

आईनं कपाळावर हात मारला. ‘अहो, रोपाला वारा लागतो. बियाला नाय! दमट लागलं तर कुजून जाईल की. याला घट्टच झाकण पाहिजे!’

‘घट्ट?’ वडिलांचा चेहरा असा उजळला की जणू कारखान्यातून परत बोलावणं आलं असावं. ‘थांब, दुसरी आणतो.’

आई हसायला लागली. वडील बादली भरायला गेले आणि मी टॉवेल घेऊन दाराशी उभी राहिले.