ताकदीची गोळी

शेवटच्या साध्या दिवशी कुमुदताईंनी वांग्याचं भरीत केलं होतं. भरपूर कांदा घालून, वरून कच्च्या तेलाची धार सोडून. चारुताला नवल वाटलं. चातुर्मास लागला की आई दरवर्षी कांदा-वांगं सोडायची, आणि अजून दिवाळी यायची होती.

"या वर्षी नेम नाही वाटतं?"

"आहे की."

"मग सोडलंस काय? माझ्यावर ओरडणं तर नाही सोडलेलं."

"ते सोडलं तर तू बिघडशील." आई हसली. अर्धांगाच्या पहिल्या झटक्यानंतर तिचं हसू उजव्या गालावर जरा उशिरा पोचायचं. "सोडलंय काहीतरी. सांगायचं नसतं. नेम बोलून दाखवला की त्याचं पुण्य उडून जातं."

"आणि कुणासाठी एवढं?"

"जेव तू. गार होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीच्या दाराशी पडलेली सापडली. हा दुसरा झटका पहिल्यासारखा दयाळू नव्हता.

पहिल्या वेळी ती बचावली होती. तेव्हा दवाखान्यात तिच्या छातीला तारा लावून ठेवल्या, आणि त्या तारांमुळेच कळलं की तिच्या हृदयाचे ठोके मधूनच लय सोडतात. कधीपासून, ते कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर सावर्डेकरांनी चारुताला बाहेर बोलावून समजावलं होतं. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकसत नाही, नुसता थरथरतो. रक्त तिथं रेंगाळतं, साकळतं, आणि ती गुठळी मेंदूत जाऊन अडकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ, आता कायमची.

आईला मात्र हे कुणी सांगितलं नाही. तिचे वडील जेवता जेवता हृदय बंद पडून गेले होते, भरल्या ताटावर. तेव्हापासून तो शब्द नुसता कानावर आला तरी तिचे हात गार पडायचे. "धसका घेईल ती," विलासमामा म्हणाला. "ताकदीची गोळी आहे म्हण आणि दे." चारुताने तसंच म्हटलं आणि दिली. आई गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकत होत्या का? "अजिबात नाही," ती म्हणाली. रिकामी पाकिटं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

मग का? या प्रश्नापाशी तिची झोप रोज अडायची.

आज फाल्गुनातली दुपार आहे. पडदा ओढून ती आईच्या कॉटवर आडवी झाली आहे, मिटल्या डोळ्यांवर हात ठेवून. पंखा कुरकुरतो आहे. खाली कुणीतरी उन्हात घातलेल्या कुरडया राखत बसलं आहे, कावळ्याला हाकलतं आहे. तो आवाज लांब जातो, पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि त्याच्या जागी दुसरा आवाज येतो. खट.

पोळपाट. त्याचा एक पाय आखूड आहे, लाटताना वाजतो. खट खट. मग काहीच नाही. मग खटखटखट, कुणी पाठीस लागल्यासारखं. मग पुन्हा काहीच नाही, इतका वेळ की चारुताचा श्वास अडकतो. खट.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. आई पाठमोरी आहे. अंगावर दवाखान्यातला हिरवा झगा, त्याच्यावरून पदर घेतलेला.

"मेल्यावरसुद्धा पोळ्या मीच लाटायच्या का गं?"

"मी करते, आई. तू बस."

"तुझ्या पोळ्या म्हणजे भूगोलाचा तास. राहू दे."

चारुताला हसू येतं, आणि हसतानाच दिसतं की पोळपाटावर पोळी नाही. लाटणं नुसतं फिरतं आहे. गॅसवर तवा नाही. तिथं दवाखान्यातल्या यंत्राचा काळा पडदा आहे आणि त्यात एक हिरवी रेघ उड्या मारत चालली आहे. तीही अडखळते आहे.

"हे असंच वाजायचं," आई म्हणते. "रात्री कुशीवर वळले की उशीत ऐकू यायचं. मला वाटायचं, शेजारच्या वाघमाऱ्यांचा नळ गळतो. त्यांना बोललेसुद्धा मी. उगीच." ती डावा हात मागे करते, वळत नाही. "ये, बघ हात लावून."

चारुता पुढे जात नाही. हात लावला तर ते थांबेल असं तिला वाटतं. आणि आई वळली तर चेहऱ्याचा उजवा भाग कुठवर ओघळलेला असेल, हे तिला बघायचं नाही.

"घाबरतेस होय मला?"

"नाही."

"खोटं बोलताना तुझा आवाज नेहमी बारीक होतो."

आई चालू लागते. उजवा पाय फरफटत. स्वयंपाकघर संपत नाही, लांबत जातं. फडताळांच्या जागी दोन्ही बाजूंना खाटा येतात, जमिनीला फिनेलचा वास येतो. टोकाच्या बाकावर विलासमामा बसला आहे, ओठांवर बोट ठेवून. चारुता त्याच्याजवळून जाते तेव्हा तो मान हलवतो. नाही, नाही.

बाक मागे पडतो आणि समोर घरचीच गॅलरी असते. वाळत घातलेले कपडे, तुळशीची कुंडी. आई कुंडीपाशी उकिडवी बसते, पाठ अजून इकडेच.

"इकडे ये. नेमाचं विचारत होतीस ना? आता सांगायला हरकत नाही."

"नको सांगूस."

"वांगी सोडून सोडून मला सवय झाली होती. त्यात सोडणं कसलं? जे हवं असतं ते सोडायचं." ती बोटांनी माती उकरते आहे. "मग ठरवलं, ती ताकदीची गोळी सोडू. औषध सोडून चालत नाही, पण ताकदीची म्हणजे लाडच की आपले. घेतली की बरं वाटायचं हो. तू आणून दिलेली."

ती मूठ मागे करून उघडते. तळव्यावर मातीत लडबडलेली गोळी. फिकट गुलाबी.

"तुझ्यासमोर तोंडात टाकायची आणि इथं येऊन काढायची. औषध केरात टाकू नये, पायदळी येतं. म्हणून तुळशीत. तुझ्यासाठीच होता नेम. माझ्या दुखण्यात तुझी झोप गेली होती. म्हटलं, देवा, माझ्या लेकीला शांत झोप लागू दे."

चारुता आईच्या मागे गुडघ्यांवर बसते, दोन्ही हात मातीत घालते. एक गोळी लागते, आणखी एक. माती थंड आहे, आणि आतून हलते आहे. खटखट. खट.

"चारू," आई म्हणते, "ती ताकदीचीच होती ना गं?"

चारुता तोंड उघडते. आवाज येत नाही.

"मग कशाची होती?"

आई वळू लागते. आधी खांदा, मग मान, मग कानातली कुडी चमकते. मातीतला ठोका चुकतो. चारुता पुढच्याची वाट पाहते. तो येत नाही. तो येतच नाही.

ती दचकून उठते. पंखा कुरकुरतो आहे. खाली कावळ्याला कुणीतरी शिव्या घालतं आहे. उशी गालाला चिकटली आहे. किती महिन्यांत अशी गाढ झोप लागली नव्हती.

चेहरा पुसायला ती हात वर घेते आणि तिथंच थांबते. नखांत माती आहे, ओली. अंगठ्याच्या नखात त्या मातीबरोबर एक कपचा अडकला आहे, गोळीच्या सालीचा, गुलाबी.

गॅलरीचं दार सताड उघडं आहे. झोपताना तिने कडी लावली होती.

ती कॉटच्या कडेवर बसून राहते, तो हात दुसऱ्या हातात घट्ट धरून, आणि उघड्या दाराकडे बघत मोठ्याने बोलते. आवाज बारीक होत नाही.

"आई, ती तुझ्या हृदयाची गोळी होती. ती सोडायची नव्हती गं."