तेरा इंची चाकं

आमच्या ह्यांनी ती जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा तिला मूळची तेरा इंची लोखंडी चाकं होती, अरुंद टायरांची. महिन्याभरात ती काढून ह्यांनी पंधरा इंची चकचकीत चाकं आणि पसरट टायर बसवले. गाडी रुबाबदार दिसायला लागली, खोटं कशाला बोलू! मग मी हौसेनं चालवायला बसले. माहेरी भावाची गाडी मी बिनधास्त चालवायचे, पण भोरच्या बाजारातल्या वळणावर हिचं स्टिअरिंग जागचं हलेना. "तुला नाही झेपायची," हे म्हणाले, आणि वीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसले. दर रविवारी हे गाडी फिरवून आणायचे आणि संध्याकाळी मी ह्यांच्या खांद्यांना बाम चोळायचे. कचेरीत बसून बसून खांदे धरतात, असं ह्यांचं म्हणणं.

हे गेले. वर्षभर गाडी झाकलेली राहिली, टायरांना भेगा पडल्या. धाकट्या दिरांनी गिऱ्हाईक शोधलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, उगाच कशाला ठेवता वहिनी, तुम्हाला थोडीच झेपणार आहे! पुन्हा तोच शब्द. माझं डोकंच फिरलं. मी सांगून टाकलं, दसऱ्याला ही गाडी मी एकटी वेल्ह्याला नणंदेकडे नेणार. नाही जमलं तर खुशाल विका.

टायर नाहीतरी बदलायचेच होते, आणि दाराच्या आतल्या पट्टीवर मूळ माप लिहिलेलं होतं. ज्यांनी गाडी घडवली त्यांना काहीतरी कळत असेलच की! ते माप कागदावर उतरवून मी सारोळ्याच्या टायरवाल्याकडे गेले. तो हसला. "काकू, एवढ्या बारीक टायरवर गाडी सायकलीवानी दिसंल. लोक आणखी रुंद घालत्यात." दिसायचं काय लोणचं घालायचंय? मी म्हटलं, हेच माप मागव. तो म्हणाला, मागवतो, पण चाकाचा घेर बदलला तर वेगाचा काटा चुकीचं दाखवंल. ते मात्र मला पटलं.

घरी येऊन जुन्या टायरवर ओल्या कुंकवाचा टिळा लावला आणि गाडी अंगणातल्या फरशीवर ढकलत नेली. फरशीवर दोन ठिपके उमटले, त्यांच्यातलं अंतर, म्हणजे चाकाचा घेर, शिवणाच्या टेपनं मोजून ठेवलं. मग जुन्या चाकांचा शोध. दोन कुंड्यांखाली होती, एक पाण्याच्या पिंपाखाली आणि चौथं नणंदेच्या गोठ्यात, वासराचं दावं बांधायला. ते मी एसटीतून मांडीवर घेऊन आले. कंडक्टर दोनदा बघून गेला. चाकं ठोकून, रंगवून घेतली, नवे टायर चढवले आणि परत टिळा लावून गाडी ढकलली. फरक बोटभरसुद्धा नव्हता, म्हणजे काटा चुकायची भीती नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी चाकांची पूजा केली आणि निघाले. बाजारातलं ते वळण आलं. दात आवळून सगळा जोर लावला, तर गाडी अशी गर्रकन वळली की पानाच्या टपरीत घुसायची राहिली! मनगटं माझी तीच होती, उलट वीस वर्षांनी म्हातारी झालेली; बदलली होती ती फक्त चाकं. मी मोठ्यानं हसले. पुढं वेल्ह्यापर्यंत एका हातानं वळणं घेत गेले, आणि पोचल्या पोचल्या दिरांना फोन करून सांगितलं, गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा.

नणंदेनं सोनं दिलं, पाणी दिलं आणि विचारलं, "वहिनी, खांदे भरून आले असतील. बाम आणू?"

नको म्हणायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. खांदे अजिबात दुखत नव्हते. म्हणजे ते रविवारचे खांदे कचेरीचे नव्हतेच. गाडी ह्यांनाही झेपत नव्हती. वीस वर्षं मी बाम चोळला, आणि हा माणूस एका शब्दानं बोलला नाही! राग आला आणि रडूही आलं. अहो, एकदा म्हणाला असतात, तर चाकं काय, कुंड्यांखालीच होती.