सोयरिकीच्या वळणाचा अर्ज

नोकरीसाठीचा पहिला अर्ज मी तिशी उलटल्यावर लिहिला. नागपुरास बी.ए. झालो आणि वडिलांच्या आजारपणामुळे कुरखेड्याजवळच्या आमच्या गावी परतलो. पुढे वडील गेले. मी मात्र राहिलो. थोरल्या भावाच्या धानाच्या शेतात हातभार लावावा, पडवीत पुस्तक घेऊन बसावे आणि पाहुणे आले की मागच्या दाराने तलावाकडे निघून जावे, असा माझा क्रम होता. एटापल्लीकडच्या नव्या शाळेत शिक्षक हवा असल्याचे कळले, तेव्हा भाऊ म्हणाले, "आता लिहून टाक. पुढच्या खेपेले वय आडवं येईन." ते खरे होते. ही जागा हुकली असती, तर पडवी कायमची माझी झाली असती.

आपला मोठेपणा आपल्याच तोंडाने सांगणे आमच्याकडे शोभत नाही. सोयरीक जुळवताना घराणे, शेत, आजोळ हे सारे वडीलधारे सांगतात. मुलगा खाली मान घालून बसतो. स्वतःची ओळख करून देण्याची तेवढी एकच रीत मला ठाऊक होती. तेव्हा अर्जात प्रथम आजोबा आले, त्यांनी पुढाकार घेऊन बांधवलेला तलाव आला. मग मामा, आणि मग पंचक्रोशीत तंटे मिटवायला ज्यांना बोलावतात ते भाऊ. अखेरीस मी लिहिले, 'मजजवळ थोडेबहुत शिक्षणही आहे.' नागपूरहून परतल्यानंतरच्या वर्षांविषयी अवाक्षर नव्हते. भाऊंनी तो कागद ऐकला आणि "हं" एवढेच म्हणाले.

शाळेतला माझा एक सोबती चांद्याच्या कचेरीत कारकून होता. पोळ्याला तो गावी आला, तेव्हा मी भीतभीतच कागद त्याच्या हाती दिला. वाचता वाचता तो हसू लागला.

"अर्ज होय का सोयरीक? हुंड्याचंच तेवढं लिहाचं राह्यलं!"

"पण वडीलधाऱ्यांची नावं गाळायची कशी?"

"वर्गात तुहा आजा शिकवन का? अन् नागपूरहून आल्यावर तू होता कुठी? जेलात?"

"घरीच."

"घरी काय करत होता?"

सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटत नव्हते. बांबूतोडीला येणाऱ्या माणसांची मुले हिवाळ्यात आमच्या आवारात खेळत. त्यांना मी अक्षरे शिकवी. त्यांच्या संगतीत मला गोंडी येऊ लागली होती. तेवढे मी त्याला सांगितले.

त्याने कपाळावर हात मारला. "अरे, तिथी निम्मी पोरं गोंडीच बोलतीन! हे पयले लिही. झाकलेली वर्षं साहेब वाकून वाकून पाह्यते. अन् ते 'थोडेबहुत' खोड. बी.ए. काय चोरून आणलं?"

मी नवा अर्ज लिहिला. तो निम्म्याहून लहान झाला आणि त्यात केवळ मी होतो. माझी खरी परीक्षा मात्र पुढेच होती. भाऊंना ऐकवल्यावाचून आमच्या घरचा कागद टपालात पडत नसे. ज्यांनी शेतात राबून माझ्या शिक्षणाला पैसा पुरवला, त्या भाऊंचेच नाव मी गाळले होते. अंगणात वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी वाचून संपवले आणि कागदावरून मान वर केली नाही.

"माह्यं नाव कुठी आलं नाई," भाऊ म्हणाले.

मी कागदाची घडी घालू लागलो.

"बरं झालं. पयला कागद ऐकला तवापासून मले धाक होता, साहेब मलेच बलावतीन. मी तं दुसरी नापास!"

"गेले असते तं घरी जराशी शांतता राह्यली असती," वहिनी सुपातून मान न उचलता म्हणाल्या.

भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो, कित्येक दिवस छातीवर असलेले ओझे उतरले होते.

बोलावणे आले, तेव्हा भाऊ चांद्यापर्यंत सोबत आले, पण कचेरीत आले नाहीत. आत साहेबांनी विचारले, "बी.ए. झाल्यानंतर काय केलंत?" भीती होती ती याच प्रश्नाची, पण उत्तर त्यांच्यापुढच्या कागदावर आधीच होते. मी ते सांगत गेलो, आणि मान खाली घालायचे राहूनच गेले. दिवाळीनंतर रुजू व्हा, असे ते म्हणाले.

बाहेर चिंचेखाली भाऊ फुटाणे खात बसले होते. मला पाहताच उठले.

"मले तं नाई ना बलावलं?"

"नाही, भाऊ. मलाच."

"मंग चाल," म्हणत त्यांनी उरलेले फुटाणे माझ्या ओंजळीत ओतले.